हलगी आत, ड्रम बाहेर

किसन,

कंपनीच्या कँटीनमध्ये तुझी शोकसभा झाली तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या बाकावर फिलिपशेजारी बसून राहिलो. मोठे साहेब तुला ‘हौशी कलावंत’ म्हणाले. वाइंडिंग खात्यातला तुझा जोडीदार म्हणाला, बिचाऱ्याचं स्वप्न अर्धवट राहिलं. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि आपापल्या मशीनवर गेले.

मला यातलं काहीच मान्य नाही. बिचारा तू एक दिवसही नव्हतास. आणि अर्धवट काय राहिलं? आपली रेकॉर्ड निघाली. तिला दोन बाजू आहेत, आठ गाणी आहेत, आणि पाठीवर चार माणसांची नावं वडिलांच्या नावासकट, आडनावासकट छापलेली आहेत. रेकॉर्ड अशी निघावी म्हणून तू किती जणांशी भांडलास, हे त्या सभेत फक्त मला आणि फिलिपला ठाऊक होतं. त्यातला निम्मा वेळ तू माझ्याशीच भांडत होतास. म्हणून हे मीच लिहायला हवं.

आपली ओळख प्रेस शॉपच्या दारात झाली. मी संगमेश्वराहून येऊन नुकताच कामाला लागलो होतो. पत्रा दाबणाऱ्या त्या मशिनी दिवसभर एका ठेक्यात पडायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत मी तोच ठेका डब्यावर वाजवत बसायचो. तू वाइंडिंगमधून, मोटारींच्या कॉइल गुंडाळतात त्या खात्यातून आलास, बोटांना वार्निश लागलेलं. उभ्या उभ्या म्हणालास, "राव, तुमी चौथ्या ठोक्याला घाई करताय." ओळख ना पाळख. मला राग आला. संध्याकाळी खोलीवर जाऊन मोजून पाहिलं, तर खरंच घाई करत होतो.

फिलिप ड्रॉइंग ऑफिसात होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, इंग्रजी फाडफाड बोलायचा. मशिनी बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर परत जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि सात-आठ रेकॉर्डी त्याला देऊन गेला. चिंचवडला फिलिपच्या घरामागं पत्र्याची खोली होती, तिथं आपण त्या ऐकल्या. एका कव्हरावर सगळे रंग एकमेकांत वितळलेले होते आणि फिलिपनं आपल्याला शब्द वाचून दाखवला, सायकेडेलिक, म्हणजे झिंग चढल्यासारखं. तू त्याला शेवटपर्यंत ‘सायकलडेलिक’ म्हणत राहिलास. आधी चुकून, नंतर मुद्दाम.

त्या दिवशी तू सुईजवळ कान नेऊन बसला होतास. म्हणालास, "ह्यो गडी गिटार न्हाई वाजवत. तारंतली वीज वाजवतोय." वाइंडिंग करणाऱ्या माणसालाच ते कळलं. महिन्याभरात तू एका जुन्या गिटारला स्वतः कॉइल गुंडाळून बसवलीस. मोटारीतून बाद झालेली तांब्याची तार होती ती, केसासारखी बारीक. किती वेढे घातलेस ते मी विचारलं तर म्हणालास, हाताला कळतं. मग स्पीकरच्या कागदाला ब्लेडनं चिरा पाडल्यास आणि जो आवाज निघाला, तो ऐकून फिलिपच्या आईनं दार उघडून विचारलं, काही जळतंय का. फिलिपनं बँडचं नाव ठेवलं ‘द कॉपर कॉइल’.

चार वर्षं आपण मिळेल तिथं वाजवलं. कँटीनमध्ये, खडकीच्या नाताळात, दिघीला जवानांपुढं. भोसरीच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामानं वायर उपसली आणि तू काही झालंच नाही अशा थाटात बिनविजेची गिटार पाच मिनिटं वाजवत राहिलास. त्या चार वर्षांसारखी वर्षं मला पुन्हा मिळाली नाहीत. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती.

आता जे लिहितो ते मला जड जातं, पण टाळणार नाही.

कॉलनीच्या उत्सवात आपला कार्यक्रम होता. स्टेजच्या मागं मंडळाच्या एका माणसानं वहीत आपली नावं लिहून घेतली. तुझं आडनाव ऐकल्यावर त्याची पेन्सिल थांबली, ते मी पाहिलं. मग माईकवरून पुकारा झाला, "ड्रमवर श्री. वसंत रघुनाथ साळवी, ऑर्गनवर श्री. फिलिप योसेफ गायकवाड, आणि गिटारवर किसन." एवढंच. शेवटी नारळ द्यायला तो स्टेजवर आला, तर हातात दोनच नारळ. तुझ्याकडं बघून म्हणाला, तिसरा संपला. मी माझा नारळ घेतला. फिलिपनं त्याचा स्टेजवरच ठेवला. तू आधी सगळी गाणी नीट वाजवली होतीस, एकही सूर हलला नव्हता. मग तू वायर गुंडाळलीस आणि पायऱ्या उतरून गेलास.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तू प्रेस शॉपमध्ये आलास.

"वसंता, काल पुकारा ऐकू आला का तुला?"

"नाही रे," मी म्हणालो. "मी ड्रमचे स्क्रू आवळत होतो. काय झालं?"

तू जायला वळलास. "काही न्हाई," म्हणालास.

मला ऐकू आलं होतं, किसन. पेन्सिल दिसली होती, पुकारा ऐकू आला होता, नारळ मोजता आले होते. तुला हे माहीत होतं आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यानंतर नऊ वर्षं आपण एकाच गेटातून आत गेलो. "काय वसंता," तू म्हणायचास. "बरं आहे," मी म्हणायचो. बँडचं नाव कुणी काढलं नाही. ‘मला ऐकू आलं होतं’ हे वाक्य मी नऊ वर्षांत बोललो नाही, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही बोललो नाही. आता छापून देतोय. उशीर झाला आहे हे मला सांगायची गरज नाही.

मग फिलिपच्या मावसभावानं गोष्टी हलवल्या. तो मुंबईला एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत होता. त्यांच्या साहेबांना जुने सायकेडेलिक बँड शोधून, त्यांच्याकडून नवी रेकॉर्ड करून परदेशात पाठवायची होती. फिलिप आधी तुझ्याकडं गेला. तू म्हणालास, वसंता असंल तर. आणि मला विचारायला तू स्वतः आलास, ते मला अजून उमगत नाही. मी तुझ्या जागी असतो तर आलो नसतो.

"वाजवतोस का अजून?"

"डबा वाजवतो."

"रेकॉर्ड काढायचीय. पहिली पाळी झाली, आता दुसरी."

"कोण कोण?"

"आपण तिघं. आन् आबा."

"तुझे वडील काय वाजवणार?"

"हलगी."

मी हसलो. म्हणालो, रॉकमध्ये हलगी? लोक नावं ठेवतील. तू शांतपणे विचारलंस, "सतार असती तर ठेवली असती का नावं?" मी तांत्रिक मुद्दे काढले. कातडं सारखं शेकावं लागतं, सूर टिकत नाही, माझा ड्रम असताना वेगळ्या तालवाद्याची गरज काय. खरं कारण मी मनातच ठेवलं. हलगी ऐकली की लोकांना कळेल हा बँड कुणाचा आहे, ही माझी भीती होती. तुला ती भीती कळली असावी. तू म्हणालास, "कळू दे की."

त्यातून मुंबईचे साहेब आले. आपली टेप ऐकून म्हणाले, छान आहे, पण यात इंडियन काही पाहिजे. सतार घाला, एखादा मंत्र घाला, कव्हरवर आपण धुरातला साधू छापू. तू विचारलंस, "साहेब, आमच्या वस्तीत सतार कुणाच्या घरी हाय ते सांगा, मी मागून आणतो." मग तू त्यांना वहीवर बोटं वाजवून तो ठेका ऐकवलास. लहानपणी गावात आबांच्या मागं चालताना ऐकलेला. साहेब म्हणाले, हे काय आहे? तू म्हणालास, "इंडियन."

पण सगळ्यात अवघड माणूस घरातच होता. पिंपरीच्या तुमच्या खोलीत मी त्या रविवारी बसलो होतो. शांतावहिनींनी चहा ठेवला होता. तू विषय काढलास तसे आबा भिंतीकडं तोंड करून बसले.

"दीक्षा घेतली त्याच आठवड्यात ती म्या भामा नदीत टाकली," ते म्हणाले. "गाव सोडलं, कंपनीत लागलो. तुला पुढं शिकवलं. ती पुन्यांदा हातात धराया?"

"आबा, तवा गावाच्या हुकमानं वाजवत होता. आता आपल्या मर्जीनं."

"कातडं त्येच हाय."

वस्तीतले वाचनालयवाले गुरुजीही तुला तेच म्हणाले, जे टाकून आपण माणसं झालो ते तू पुन्हा वर काढतोयस. तू त्यांच्याशी भांडलास, पण घरी येताना मला म्हणालास, "त्यांचंबी चुकत न्हाई रं." हे तुझं मला फार आवडायचं. तू भांडायचास, पण समोरच्याचं पुरतं ऐकून घेऊन.

दोन महिने आबांनी तो विषय काढू दिला नाही. तू हट्टानं तो ठेका गिटारच्या तारा तळहातानं दाबून वाजवत राहिलास. एका दुपारी आबा दारात उभे राहून ऐकत होते. एकदम म्हणाले, "चुकतुयास. उजव्या हातातलं टिपरू आधी पडतं, मग डाव्यातली काडी." तू मुद्दाम पुन्हा चुकवलंस. पुन्हा चुकवलंस. तिसऱ्यांदा आबा आत आले, तुझ्या मांडीवरची गिटार बाजूला केली आणि लाकडी पाटावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं. मी ड्रमर आहे, पण माझे हात त्या पाटासमोर लाजले.

वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "एकदाच वाजवीन. माझं नाव पुरं लिवायचं. बापाच्या नावासकट. गावात मला कुणी नावानं बोलवलं न्हाई, ‘ए हलगीवाल्या’ म्हणायचे."

तू होय म्हणालास. मी चहाच्या कपात बघत होतो. नावाचा विषय निघाला की मला कुठं बघावं ते कळायचं नाही.

मुंबईच्या स्टुडिओतला तो पहिला दिवस. खोली लहान, काचेपलीकडं रेकॉर्डिंग करणारा माणूस. आबा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. शेगडीवर हलगी शेकली आणि एकदाच टिपरू मारलं, तशी काचेपलीकडची आवाज मोजणारी सुई उडाली. तो माणूस बाहेर आला. त्याच्या मनात काही वाईट नसेल, त्याला आवाजाची काळजी होती. म्हणाला, "हे फार मोठं वाजतंय. यांना बाहेर पॅसेजमध्ये बसवा. तिथून घेऊ."

आबा उठले. हलगी काखेत धरून दाराकडं निघाले. अशा ठिकाणी उठून बाहेर जायची त्यांच्या पायांना सवय होती. तू गिटारची वायर काढायला हात घातलास आणि मला दिसलं, आता तू पुन्हा तसाच निघून जाणार.

"आबा आत बसतील," मी म्हणालो. "ड्रमही मोठाच वाजतो. मी बाहेर जातो."

"ड्रम बाहेर?" तो माणूस म्हणाला. "रॉकचा ड्रम बाहेर कोण ठेवतं?"

"आम्ही ठेवतो," फिलिप म्हणाला आणि माझा मोठा ड्रम उचलायला लागला.

तू एक स्टँड उचललास आणि माझ्याबरोबर पॅसेजमध्ये आणून ठेवलास. परत आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास, तो जरा जास्त वेळ राहिला. मी एवढंच समजून घेतलं. तू काय समजून घेतलंस ते विचारायचं राहून गेलं.

दोन दिवस मी जिन्याजवळ बसून, दाराच्या फटीतून तुझा पाय बघून वाजवलं. त्यामुळं झालं असं, की ‘दुसरी पाळी’ या रेकॉर्डवर हलगी कानाशी वाजते आणि माझा ड्रम लांबून, खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. मध्ये तुझी गिटार, वितळणाऱ्या तारेसारखी. पुण्यातले जाणकार मला विचारतात, तो घुमारा कुठल्या यंत्रानं आणला. मी सांगतो, पॅसेजनं.

रेकॉर्ड निघाली आणि जग काही बदललं नाही. साधू छापला गेला नाही, तेवढं तू जिंकलास. पेपरात कुणीतरी लिहिलं की ही मंडळी धड विलायती नाहीत आणि धड देशीही नाहीत. तू ते कात्रण वाइंडिंगच्या टेबलावर चिकटवलंस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलंस. आबांनी मात्र कव्हर उलटं करून, मागच्या बाजूनं, खिळ्याला टांगलं. ‘हलगी – सखाराम भागूजी कांबळे’. पाहुणा आला की ते त्याला वाचायला लावायचे. स्वतःला वाचता येत असूनही.

पण हलगी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. एकदा म्हणालो होतो, म्हणाले. आणि इथंच आपला शेवटचा वाद सुरू झाला, जो संपलाच नाही. तुला गावी वाजवायचं होतं. चाकणच्या पुढं, भामेकाठी, ज्या पारापुढं आबा वाजवायचे तिथंच, लाउडस्पीकर लावून, आबांना मध्ये घेऊन. आबा नाही म्हणत होते. मीही.

काविळीनं तुला धरलं तेव्हा आम्हाला वाटलं, पंधरा दिवसांचं दुखणं. वॉर्डात तुझे डोळे पिवळेजर्द झाले होते, तरी विषय तोच.

"आबाला मी बघतो. तू येणार का न्हाई?"

"गावात भांडणं होतील, किसन."

"मी भांडणाचं न्हाई इचारत. तू येणार का न्हाई?"

"तुला बरं वाटू दे. मग बघू."

तू कुशीवर वळलास. ‘मग बघू’ हे माझं तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. तिसऱ्या दिवशी तू गेलास. अडतीस हे काही जायचं वय नव्हे, आणि मी ते समजुतीनं घेणार नाही. कुणी मला सांगू नये की जे होतं ते बऱ्यासाठी होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर शांतावहिनींनी मला आणि फिलिपला थांबवलं.

"गावच्या कार्यक्रमाचं काय ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं वहिनी. वाद चालू होता."

"मग मी ठरवते," त्या म्हणाल्या. "या रविवारी."

आबा कोपऱ्यात बसले होते. आम्ही तिघांनी त्यांच्याकडं पाहिलं. "मी वाजवनार न्हाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पर येतो."

आम्ही गेलो, किसन. परवाच्या रविवारी, भर दुपारी. टेम्पोत माझा ड्रम, फिलिपचा ऑर्गन, रेकॉर्ड प्लेअर आणि तुझा तो चिरलेला स्पीकर. दोन माणसं आडवी आली, कार्यक्रम कुणाचा म्हणून. वहिनी पुढं झाल्या. "माझ्या मालकांचा. इथल्याच शाळंत शिकलेत." वीज कुणी देईना. शेवटी पिठाच्या गिरणीवाल्यानं दिली. तुझ्या वर्गातला निघाला. म्हणाला, किशा गेला व्हय, आणि पट्टा उतरवून गिरणी बंद केली.

तुझ्या जागी आम्ही कुणाला उभं केलं नाही. रेकॉर्ड लावली आणि तिच्याबरोबर वाजवलं. तुझी गिटार पाराच्या झाडात घुमली तसे घराघरांतून लोक बाहेर आले. बायका ओट्यांवर उभ्या राहिल्या. मी पॅसेजमध्ये नव्हतो, उघड्यावर होतो आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून वाजवत होतो. भांडण झालं असतं तरी थांबलो नसतो. झालं नाही.

गिरणीतून दोन खुर्च्या आणल्या होत्या. त्या पाराच्या अगदी समोर ठेवल्या आणि एकीवर आबा बसले. तोच पांढरा सदरा, हात मांडीवर. तू त्यांना वाजवायला उभं करणार होतास. ते बसले. हा वाद तू हरलास, राव, आणि मी तिथं असल्यामुळं सांगतो, बरं झालं हरलास.

रेकॉर्ड उलटल्यावर तिच्या दुसऱ्या बाजूचं हलगीचं गाणं लागलं, तशी गर्दीतून काठी टेकत एक म्हातारा पुढं आला. पाटलांच्या वाड्यातला, आबांच्याच वयाचा. त्यानं आबांना ओळखलं. त्यांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"सखा," तो म्हणाला, "हलगी आणली न्हाईस व्हय?"

"वाजती न्हवं का ती," आबा म्हणाले. "म्या ऐकाया आलोय."

मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची धूळ हातानं झटकली.

"बसा की."

म्हातारा थोडा वेळ काठीवर भार देऊन उभा राहिला. मग बसला.